चालायला जागा

ताईच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात माझ्या घरी मेथी निवडत बसले होते. "विमलताई स्वयंपाकघरात पडल्या… लवकर या," एवढंच ती म्हणाली. तिच्या आवाजावरूनच कळलं, की आता कितीही लवकर पोचले तरी उपयोग नाही. माझी थोरली बहीण गेली, त्याला आता काही आठवडे झाले.

अमरावतीला राजापेठेत तिचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे छोटंसं अंगण. तिच्या सासूबाईंचा सागवानी दिवाण, रुखवतात आलेलं शोकेस, पाहुण्यांसाठीच्या गाद्यांची चळत, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या लोखंडी पेट्या… त्या घरात माणसं अंग चोरूनच वावरायची आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. तिलाही नाही. मग भाऊजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, रोज चालवा, नाहीतर हे कायमचे खाटेला खिळतील. भाऊजींना धरून आणताना ताई दारातच थांबली, तिनं आतल्या सामानाच्या गर्दीकडे पाहिलं. "चालतीन कुठं?" म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी पदर खोचला.

पहिलं बाहेर काढलं ते स्वतःचं शोकेस. मी मदतीला गेले होते. म्हटलं, "ताई, हे तरी राहू दे. बाबांनी किती हौसेनं दिलं होतं."

"म्हणूनच आधी हे. आपलं काढल्याबिगर दुसऱ्याच्या वस्तूले हात लावता येत नाई."

गाद्या शिकवणीसाठी खेड्यांतून येऊन शेजारी खोली घेतलेल्या मुलींना दिल्या. पेट्या भंगारात गेल्या. प्रत्येक वस्तूवरून ती एकदा हात फिरवायची आणि हलकेच म्हणायची, "जा." उरला दिवाण. ते कळताच चांदूर रेल्वेहून भाऊजींच्या मोठ्या बहीण, आक्का, तडक आल्या आणि दिवाणावरच ठाण मांडून बसल्या.

"माझ्या मायचा दिवाण हाये हा. काहून काढून राहिली तू घराबाहेर?"

ताई त्यांच्या पायांशी बसली. "आक्का, तुमी घेऊन जा. तुमच्या घरी जागा हाये. इथं तुमच्या मायच्याच पोराले चालाचं हाये."

दिवाण टेम्पोत चढला. आक्का रडत गेल्या आणि नंतर कित्येक महिने बोलल्या नाहीत. ताईला ते फार लागलं, पण तिनं दिवाण परत मागवला नाही.

रिकाम्या झालेल्या भिंतीला हात लावून भाऊजी चालायला शिकले. चिडायचे, काठी फेकायचे. "नाई होत मले!" ताई काठी उचलून परत हातात द्यायची. "उद्या होईन. आज इथपर्यंतच." असं करत करत एक दिवस ते अंगणापर्यंत पोचले. दिवाळीत आक्का आल्या, तेव्हा दार भाऊजींनीच उघडलं. आक्का उंबऱ्यावरच बसल्या. मग ताईला हाक मारून चहा मागितला.

ताई कोसळली त्या सकाळी घरात भाऊजींशिवाय कोणी नव्हतं. ते एकटे उठले, काठीशिवायच दारापर्यंत गेले, कडी काढून शेजाऱ्यांना हाक मारली आणि तसेच तिच्याजवळ परतले. दवाखान्याची गाडी येण्याआधीच सगळं संपलं होतं. तिचा हात त्यांच्या हातात होता.

परवा मी पुन्हा गेले. भेटायला येणाऱ्यांसाठी भाऊजींच्या पुतण्यानं खोलीच्या मधोमध टेबल मांडून त्यावर ताईचा फोटो ठेवला होता. बाजूनं खुर्च्यांची रांग. भाऊजी बराच वेळ खाटेवर बसून पाहत होते. मग उठले.

"फोटो भिंतीले लावा. बाकी सारं हलवा इथून," ते म्हणाले. "विमलले असं नाई चालत."

आम्ही टेबल उचललं, खुर्च्या बाहेर नेल्या. फरशी मोकळी झाली, तसे ते अंगणाच्या दारापर्यंत चालत गेले, वळले आणि परत चालू लागले.