वरच्या मजल्यावरचा आवाज

बियाणीकाकांचं आडनाव बियाणी नव्हतं. ते रत्नागिरीकडचे, आमच्याच गावचे, आणि त्यांच्या दारावर खरं आडनाव ठळक अक्षरांत होतं. पण त्यांना टॉरेंटवरून फाइली वाटायचा नाद होता. टॉरेंटमध्ये फाइल एका जागी नसते; ज्यांनी ज्यांनी ती घेतली, त्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्या-तुकड्यांनी येते. पूर्ण फाइल घेऊन चालू राहणाऱ्याला सीडर म्हणतात. काकांनी त्याचं सरळ मराठी केलं होतं. "घेतलंस ना? मग लगेच बंद करू नको. बियाणं ऱ्हायला पायजे." सोसायटीच्या गुजराती सेक्रेटरींनी हे ‘बियाणं’ इतक्या वेळा ऐकलं की एका वर्षी नोटीस बोर्डावर काकांचं नावच बियाणी म्हणून लागलं. तळमजल्यावरच्या मारवाडी दुकानदाराने तर त्यांना राजस्थानातलं गाव विचारलं. काकांनी नाव बदलून घेतलं नाही. आयतं मिळालंय तर राहू दे, म्हणाले.

मला या माणसाचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. कारण माझे वडील माझ्यापेक्षा त्यांचे जास्त होते. आप्पा आणि काका एका गावचे, भाईंदर पूर्वेच्या एकाच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि पश्चिमेला एकाच इमारतीत राहणारे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, काका आमच्या डोक्यावर तिसऱ्यावर. आप्पा घरात बोलत नसत. "मीठ दे", "दार लाव", संपलं. दिवेलागणीला मात्र चप्पल न घालताच वर जायचे आणि थोड्या वेळाने छतातून मृदंगाचा ठेका आणि त्यांचा आवाज खाली यायचा. गावच्या नमनात, शिमग्याला देवळापुढे चालणाऱ्या खेळात, आप्पा गायचे. ती सगळी गाणी ते काकांच्या हॉलमध्ये बसून म्हणत. मधून मधून हसण्याचा आवाज यायचा. तसं हसताना मी त्यांना आमच्या घरात कधी पाहिलं नाही. मी टीव्ही मोठा करायचो. आई म्हणायची, "जा की वर, तुला कोण नको म्हणतंय?" नको कोणीच म्हणत नव्हतं, पण ये असंही कोणी म्हणत नव्हतं.

काकांचा कॉम्प्युटर कधी बंद नसायचा. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून काकूंच्या जुन्या साडीचं पांघरूण असे, आणि आतला पंखा दळण दळल्यासारखा घरघरायचा. त्यांनी आप्पांची सगळी गाणी व्हिडिओवर घेतली होती. मोबाइलवरून पाठवलं की मृदंगाचा पत्र्याचा डबा होतो, अशी त्यांची तक्रार होती. इंटरनेटवर कुठल्याशा कंपनीकडे साठवून ठेवा म्हटलं तर चिडायचे. "दुसऱ्याच्या गोदामात माल ठेवायचा, आनि त्यानं कुलूप लावलं की बसायचं बोंबलत. त्यापेक्षा चार घरात थोडं थोडं असलेलं बरं." आपण फार मोठं काम करतो आहोत असा त्यांचा थाट असे, आणि तो त्यांना शोभायचाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

आप्पा गेले. दिवसकार्य उरकलं आणि काही दिवसांत चिपळूणच्या चुलतभावाचा फोन आला. "आप्पांचा आवाज काय लागलाय रे त्या गौळणीत. दोनदा ऐकली." मी विचारलं, कुठे ऐकलीस? तर काकांनी त्या सगळ्या गाण्यांची एक मोठी फाइल टॉरेंटवर टाकली होती आणि गावाबाहेर पडलेले लोक, मुंबईतले, आखातात गेलेले, सगळे उतरवून घेत होते. माझ्या बापाचा आवाज चिपळूणला पोचला होता आणि मी त्याच्या खाली एका मजल्यावर कोरडा बसलो होतो.

काका जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "पेन ड्राइव्ह घेऊन वर ये. चहा होईपर्यंत देतो भरून." मी म्हणालो, बघतो. आणि घरी येऊन तीच फाइल टॉरेंटवर लावली. आप्पा त्यांच्याकडे जायचे, आणि आता मीही हात पसरून वर जायचं, हे मला जमणार नव्हतं.

फाइल सुरुवातीला बरी आली, मग गोगलगाय झाली. बाकी सगळं नेट धडधडीत चालायचं, फक्त टॉरेंट लावलं की नेटची कंपनी हळूच नळ आवळायची. छतातून खाली यायला त्या आवाजाला कुठून कुठून वळसा घालून यावं लागत होतं, आणि तरी तो दारात येऊन अडकला होता. खरं सांगायचं तर कंपनीचा मला राग आला नाही. मला आनंदच झाला. मला मिळत नव्हता तसा तो आवाज आता आणखी कोणालाही मिळणार नव्हता. नळ आवळणारा जो कोणी होता, तो माझ्या मनासारखं वागत होता.

काकांनी मात्र कंपनीच्या मागे हात धुवून लागायचं ठरवलं. एका दुपारी कंपनीचा माणूस आला तेव्हा मी मुद्दाम वर गेलो. त्याने स्पीड मोजून दाखवला. "अंकल, स्पीड तो पूरा आ रहा है." काकांनी त्याला बसवलं, पोहे दिले आणि टॉरेंट लावून दाखवलं. काटा खाली पडला. "रस्ता मोकळा दाखवतोस आनि माझीच गाडी अडवतोस होय?" मग त्याला कळावं म्हणून हिंदीत, "मेरी ही गाडी क्यूं रोकता है?" तो म्हणाला, "टॉरेंट मतलब पिक्चर ना, अंकल? चोरी का माल स्लो होता है." काका ताठ झाले. "पिक्चर नहीं. हमारा नमन है." त्या मुलाने गडबडीने पोह्यांची बशी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाला, "नमन, अंकल." काकू स्वयंपाकघरात जाऊन हसल्या. मीही हसलो, आणि त्या घरात हसतोय हे लक्षात आल्यावर थांबलो.

तो गेल्यावर काका पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बघ, एक जन शेवटाला येऊन अडकलाय. रोज संध्याकाळी येतो, वाट बघतो, जातो. कोन असंल बिचारा." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे जरुरीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. मी चहात साखर ढवळत राहिलो. चहात साखर आधीच होती.

मग काका इमारतभर फिरले. सगळ्यांनी मिळून कंपनी सोडायची धमकी द्यायची, असा त्यांचा बेत होता. माझ्या दारात आले तेव्हा मी म्हणालो, "माझं नेट बरं चालतंय." ते "बरं" म्हणून वळले. पण जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज छतात गेला, आणि वर आता गाणं नाही, मृदंग नाही, नुसती काकांची पावलं आहेत, हे मला सहन होईना. इतरांना मिळू नये म्हणून मी स्वतःचंच दार लावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथला साहेब "ऊपर से है" एवढंच म्हणत राहिला. काकांनी त्याला सगळ्या बिऱ्हाडांची नावं तोंडपाठ म्हणून दाखवली. त्या आठवड्यात काहीतरी सैल झालं. "चूक झाली म्हनून कोन कबूल करत नाय," काका म्हणाले. "गुपचूप नळ सोडतात."

माझी फाइल पूर्ण झाली. पहिलं काम मी काय केलं असेल तर माझ्याकडून पुढे वाटणं बंद केलं. आता हे माझं. मग दार लावून ऐकायला बसलो. गण झाला, गौळण झाली. आप्पा त्या जुन्या खुर्चीत डोळे मिटून गात होते. शेवटच्या गाण्यानंतर काकांचा आवाज आला, "पोराला बोलव की कधी ऐकायला." आप्पांनी पंच्याने तोंड पुसलं. हसले. तेच, छतातून यायचं ते हसणं. म्हणाले, "त्याच्यासमोर माझा आवाज बसतो. शिकलेला हाय तो. त्याला न्हाय आवडलं तर मी परत गायचो न्हाय." मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "हे काप हां."

मी तसाच वर गेलो, चप्पल न घालता. काकांनी दार उघडलं आणि विचारलं, "ऐकलंस?" माझ्या तोंडून जे निघालं ते भांडणच होतं. "त्यांनी काप सांगितलं होतं. तुम्ही कापलं नाही. हे चिपळूणपर्यंत सगळ्यांनी ऐकलं, माझ्या आधी." काका म्हणाले, "मी सांगितलं असतं तर तुला खरं वाटलं असतं? त्याच्याच तोंडून ऐकायचं होतंस तू." मग खुर्ची पुढे सरकवली. आप्पांची. मी बसलो. आमच्या घरापेक्षा त्या घरात आप्पा जास्त होते, आणि ते बघून मला पुन्हा हेवा वाटला. पण या वेळी मी उठून गेलो नाही.

पुढे काकांचे गुडघे गेले, तिसरा मजला नकोसा झाला, आणि दोघं कायमचे गावी गेले. गावात मोबाइलला धड रेंज नाही, तिथे टॉरेंट कुठलं. निघताना त्यांनी कॉम्प्युटरवरची साडी काढून घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "आता बियाणं तुझ्याकडं," म्हणाले. टेम्पो निघाला तेव्हा दुकानदार मला म्हणाला, "बियाणीजी अच्छे आदमी थे." मी त्याला दुरुस्त केलं नाही.

आता साडी माझ्या कॉम्प्युटरवर आहे, तो बंद नसतो, आणि फाइल मी पुन्हा वाटायला लावली आहे. बायको म्हणते, ही घरघर वरून खाली आली. बरेच दिवस टॉरेंटवर पूर्ण फाइल घेऊन असलेला मी एकटाच होतो, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं. गेल्या आठवड्यात एक जण आला. नाव नाही, नुसता आकड्यांचा पत्ता आणि शेजारी कतारचा झेंडा. थोडी फाइल घेतली आणि कंपनीने पुन्हा नळ आवळला. रोज संध्याकाळी येतो, वाट बघतो, जातो. आज मी फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "सर, स्पीड तो पूरा दिखा रहा है." मी म्हणालो, "रस्ता मोकळा दाखवता आणि माझीच गाडी अडवता?" तिला मराठी कळलं नाही. मग हिंदीत सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि ती तक्रार लिहून घेईपर्यंत फोन ठेवला नाही.

तो कतारवाला कोण आहे मला माहीत नाही. गावचाच असेल कोणीतरी. त्याला फाइल मिळाल्याशिवाय मी काही हा कॉम्प्युटर बंद करणार नाही. पण हेवा मला त्याचाही वाटतो. आप्पांचं गाणं त्याला अजून पहिल्यांदा ऐकायचंय.