काकूच्या गालातला डाग

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मला लोकांची थुंकी गोळा करायची होती, तंबाखू खाणाऱ्यांची आणि न खाणाऱ्यांचीही. पेशींना इजा झाली की त्यांच्यातलं एक एन्झाइम बाहेर पाझरतं. तोंडाच्या कॅन्सरची चाहूल त्यावरून लवकर लागेल का, एवढंच आम्ही पाहत होतो. अनोळखी माणसाकडे थुंकी मागायचा धीर मला होईना, म्हणून सुरुवात घरातून केली. काकूचं नाव 'न खाणाऱ्यां'त लिहिलं.

माझं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. एन्झाइम मराठीत समजावताना मी अडखळले. शेवटी काकूनेच विचारलं, "आढीत एखादा आंबा कुजला की पेंढा उचलायच्या आधी वास येतो. तसंच ना गो?"

मी मान हलवली.

सकाळपासून तोंडात काही घालू नकोस, असं मी तिला बजावलं होतं. ती पाणीसुद्धा प्यायली नव्हती. पण तिने थुंकीसाठी दिलेली बाटली तोंडाशी नेली आणि मला मशेरीचा जळका वास आला. तपासायला द्यायचं तर तोंड स्वच्छ हवं, म्हणून तिने रोजच्यापेक्षा जास्त वेळ मशेरी घासली होती. भाजलेल्या तंबाखूची ती पूड तिच्या लेखी तंबाखू नव्हतीच. ती दात घासायची वस्तू.

मी तिला तोंड उघडायला लावलं. ती मशेरीची चिमूट दाबून धरायची तिथेच, गालाच्या आत, पांढरा डाग होता. पुसून जात नव्हता. जुना आहे, दुखत नाही, असं ती म्हणाली.

दातांच्या डॉक्टरांनी बघताक्षणी डागाचा तुकडा काढून तपासायला सांगितलं. दरम्यान काकूने मशेरी न लावता पुन्हा दिलेली थुंकी मी तपासली होती. काकांनी विचारलं तेव्हा, एन्झाइमचा आकडा इतरांसारखाच आहे, एवढं मी सांगितलं. काकांनी लगेच जाहीर केलं की तुझी काकू दहावीत नाही, पण थुंकीत पास झाली. सगळे हसले. काकू सर्वांत जास्त.

मग ती डॉक्टरांकडे जायचं नाव काढेना. "तुझ्या मशीनने सांगितलान ना, काय नाय म्हणून? मग तुकडा कशाला?"

आमच्या चाचणीवर विसंबता येतं की नाही, तेच अजून ठरायचं होतं. हे मला तिला सांगायचं होतं, पण चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. दुपारी ती मागच्या खोलीत एकटी आढी उलगडत बसली होती. एकेक आंबा हातात घेऊन देठाशी चाचपत होती. मी शेजारी बसले.

"वास येतोय का काकू?"

"नाय."

"मग उलगडलीस कशाला?"

तिचा हात थांबला. मग ती पेंढा सारखा करू लागली.

"डॉक्टरकडे आत तू येशील ना?" तिने विचारलं. "मला तिथे बोलता येत नाय."

येईन म्हटलं. मलाही तिथे बोलता येत नाही, हे तिला ठाऊक होतंच.

तुकडा काढला. रिपोर्ट यायचा आहे. मशेरीवाचून तिचं डोकं दुखतं, ती कुणाशी धड बोलत नाही, गालातला टाका जिभेने चाचपत राहते. काल आढीत एक डागी आंबा निघाला. तिने सुरी घेऊन खराब भाग कापला, हवा होता त्याहून बराच खोल, आणि उरलेल्या फोडी माझ्यासमोर ठेवल्या.