ऑर्केस्ट्राच्या रिकाम्या खुर्च्या

मला सोडायला दादा, माझे वडील, जालना स्टेशनवर बँडच्या लाल कोटातच आले होते. दुपारी अंबडला लग्नाची सुपारी होती. सोबत क्लॅरोनेट वाजवणारे रशीदचाचा. गाडी हलली तशी आई खिडकीचा गज धरून चालत राहिली. "थंडीत बोटं जप बरं, माय," एवढंच म्हणाली.

तुमच्यापैकी जे तिथंच राहिले त्यांना माझं काम कधी नीट कळलं नाही, आणि जे माझ्यासारखे निघाले त्यांना सांगायची वेळच आली नाही. नव्या जालन्यातल्या चर्चमधल्या बाईंकडे मी पियानो शिकले, मग स्कॉलरशिपवर जर्मनीत आले आणि एका लहान शहराच्या थिएटरात लागले. नाचाच्या तालमीला रोज अख्खा ऑर्केस्ट्रा परवडत नाही. म्हणून सिंफनी एका पियानोसाठी उतरवलेली असते: व्हायोलिनं उजव्या हातात, खर्जातले चेलो आणि नगारे डाव्यात. तालमीत मी वाजवायची, प्रयोगाला ऑर्केस्ट्रा यायचा.

फोनवर हे सांगितलं तेव्हा दादांनी विचारलं, "समदा बँड तू एकलीच?"

"तालमीपुरता, दादा."

"बरं. तालमीपुरताच असू दे."

पहिल्या हिवाळ्यात माझ्या खोलीतलं हीटिंग बंद पडलं, तेव्हा ऑर्केस्ट्रात चेलो वाजवणाऱ्या उर्सुलानं मला उचलून आपल्या घरी नेलं. वसंत येईपर्यंत मी तिच्याकडेच होते.

मग ओबो हे सनईसारखं वाद्य वाजवणारे निवृत्त झाले. त्यांची खुर्ची कुणी भरली नाही. "प्रयोगात तेवढं तुम्ही पियानोवर घ्याल ना?" मॅनेजर म्हणाले. लहानशी धून होती, मी घेतली. पुढच्या सीझनला हॉर्न वाजवणारेही गेले. पियानो दर वेळी थोडा मधे सरकवला जाई. मी आत शिरले की वादक बोलायचे थांबत. तिकडून दादा सांगत, "रशीद बँड सोडून गेला. आता ऑटो चालवून राह्यला. लग्नात डीजेची गाडी येते, एक माणूस बटन दाबतो."

एके दिवशी मॅनेजरनं मला आत बोलावून दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी सगळे प्रयोग एकट्या पियानोवर. कायमची नोकरी, म्हणजे व्हिसाची काळजीही मिटली.

उर्सुला म्हणाली, "तू नकार दिलास म्हणून आमच्या नोकऱ्या वाचणार नाहीत. सही कर."

मी दादांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रशीदला मी थांब म्हणलो न्हाई. तेवढं राह्यलं."

मी सही केली नाही. तरी कुणाचीच नोकरी वाचली नाही. नवा सीझन उघडला तेव्हा खुर्च्यांच्या जागी दोन काळे स्पीकर उभे होते. नाच झाला, लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

आता मी मुलांना शिकवते. व्हिसा वर्षावर्षानं वाढतो. पुढच्या वेळी वाढेलच असं ऑफिसातली बाई म्हणत नाही. उर्सुलानं घर विकायला काढलंय. मी कुठं परतणार? दादांचा बँडही मोडला.

तरी रविवारी दुपारी उर्सुला चेलो घेऊन येते. मी तालमीतली तीच पियानोची प्रत उघडते. चेलोची ओळ जवळ आली की डावा हात उचलून मांडीवर ठेवते, आणि ती सुरू करेपर्यंत थांबते. घर म्हणाल तर सध्या तेवढंच आहे.