गोलकृमीचा उलटा बाण

स्पिरिटचा वास आला की मला नव्वदच्या दशकातला माझा एम.एस्सी.चा सेमिनार आठवतो. त्यात आपटलो असतो तर वर्ष गेलं असतं, तरी ऐट मारायला मी अवघड विषय घेतला: गोलकृमीच्या बीजग्रंथीतल्या टोकाच्या पेशीचा संदेश आणि अर्धसूत्री विभाजन, ज्यातून अंडी तयार होतात. त्या सकाळी कसबा बावड्यातल्या आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, साखर कारखान्याच्या मळीच्या वासात, मी पारदर्शक कागदावर एका टोकाला ही पेशी आणि दुसऱ्या टोकाला अंडी अशी बीजग्रंथी काढली, पेशीपासून ठसठशीत बाण ओढला, ‘संदेशामुळे अर्धसूत्री विभाजनाची जनुकं सुरू’ असं लिहिलं आणि शेंगा फोडत बसलेल्या आईपुढे ‘ही टोकाची पेशी म्हणजे मुकादम’ म्हणत सरावाचं भाषण ठोकलं. ती आकृतीवर वाकली. “का रं, अंडी तर पार तिकडच्या टोकाला हाईत की! ह्या मुकादमाजवळ एकबी न्हाय. मग ह्यो काम लावतोय का थोपवून धरतोय?” “तुला नाही कळायचं,” म्हणत मी पुस्तक उघडलं, तर तिथं उलटंच लिहिलेलं. संदेश ती जनुकं दाबून धरतो. बीजपेशी टोकापासून लांब सरकली, संदेशाचा जोर ओसरला की मगच ती अर्धसूत्री विभाजनात शिरते. स्पिरिटच्या बोळ्यानं बाण आणि ते वाक्य पुसून, ‘दाबून धरतो’ असं लिहून मी सेमिनारला पळालो. सरांचा पहिलाच प्रश्न: “टोकाची पेशी जाळली तर?” “सगळ्याच बीजपेशी अर्धसूत्री विभाजनात शिरतील, सर.” “बरोबर,” ते म्हणाले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. घरी हा किस्सा सांगताना चूक मीच पकडली, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. आई शेजारीच बसून ऐकते आणि एका शब्दानं अडवत नाही.