निळ्या दिव्याचं पेडल

हिंदीभाषक शहरातल्या बुढापारा भागातल्या वाद्यांच्या दुकानात मी गिटारचा सूर घुमवणारं, पायाने दाबायचं रिव्हर्ब पेडल बघायला गेलो, तेव्हा तो आधीच तिथे बसला होता. पन्नाशीचा, केस रंगवलेले, मांडीवर दुकानातली गिटार. तो एकच सूर छेडायचा, डोळे मिटायचा आणि आवाजाचा घुमारा पार विरेपर्यंत जागचा हलायचा नाही. दोन-तीन पेडलं अशी ऐकून त्याने एक साधं, करड्या रंगाचं निवडलं. त्यातून खरंच मोठ्या रिकाम्या सभागृहात वाजवल्यासारखा सूर घुमत होता.

मग त्याने आपल्या ऑर्केस्ट्राच्या मालकाला फोन लावला. "लाइट कौनसी है उसमें?" पलीकडून आलेला प्रश्न मलाही ऐकू आला. त्याने करडं पेडल बाजूला सारलं आणि निळ्या दिव्याचं, वाजवून न बघताच, बांधायला सांगितलं.

मघाशी मी आईशी फोनवर मराठीत बोललो, ते त्याने ऐकलं असावं. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "लग्नात गाणे लॅपटॉपवरून वाजतेत, भाऊ. माह्या गिटारची वायर कुठं जोडतच नाहीत. मी नुसते हात हलवून राहिलो. पायाखाली चमकलं पाहिजे, बस."

"मग करडं घरासाठी घ्या की," मी म्हणालो. "घरी तर वाजवत असाल?"

"नाही वाजवत." त्याने गिटार दुकानदाराला परत दिली. "घरी खरं वाजवलं, तर दुसऱ्या दिवशी मले स्टेजवर उभं राहवत नाही."