मोठ्या बाईंच्या खोलीतलं बोलणं

चौथीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन मी कोल्हापूरच्या त्या शाळेत गेले, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. संस्थानकाळात मुलींसाठी बांधलेली दगडी शाळा आणि मागच्या अंगाला वसतिगृह. गावोगावच्या मुली परीक्षेला बसायच्या, त्यातून एका वर्गापुरत्या घ्यायचे. हातकणंगल्याजवळच्या आमच्या वस्तीतून तिथं जाणारी मी पहिलीच. वडील सूतगिरणीत होते. निकाल कळला त्या संध्याकाळी त्यांनी विहारात सगळ्यांना पेढे वाटले आणि सकाळी नेहमीसारखे पहिल्या पाळीला गेले.

माझ्या शेजारच्या कॉटवरची मुलगी कुरुंदवाडच्या पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावातली. घरी कानडी. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, पण मराठी बोलताना ती प्रत्येक वस्तूला 'ते' करून टाकायची. वही फाटलं. घंटा झालं. भूक लागलं. कानडीत निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा सगळ्या मुली हसायच्या आणि त्यात मी पुढं असायचे. पहिल्या आठवड्यात माझ्या 'हाय-न्हाय'वरून मला हसून झालं होतं. हसायला आता दुसरं कुणी मिळालं, याचं मला बरं वाटत होतं.

महिन्याभरात तिनं बोलणंच सोडलं. प्रश्न विचारला तर नुसती उभी राहायची.

पहिल्या चाचणीत ती मराठीत नापास झाली आणि मी गणितात. अपूर्णांक माझ्या डोक्यात शिरतच नव्हते. शाळेचा नियम होता की वार्षिक परीक्षेत एका जरी विषयात नापास झालं, तर दाखला हातात मिळायचा. रेक्टरबाईंनी आम्हा दोघींना रोज संध्याकाळी व्हरांड्यात एकत्र बसवायला सुरुवात केली. ती मला भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक समजावायची, मी तिच्याकडून धडा वाचून घ्यायचे. माझ्यापुढं ती थोडंथोडं बोलू लागली. मला घेऊन जा, असं तिनं घरी चोरून पत्र टाकलं होतं, ते मात्र मला तेव्हा सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी, एका रविवारी तिचे वडील आले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, हातात शेंगांचं गाठोडं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला बोलावलं आणि 'हिच्याबरोबर अभ्यासाला बसते ती' म्हणून मलाही. वडिलांनी दारातच चपला काढल्या आणि खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"यांना मराठी येतं का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग तू सांग त्यांना. म्हणावं, तुमची मुलगी हुशार आहे. मराठीचं फक्त अडलंय. आत्ता घेऊन जाऊ नका. वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा, आम्ही तयारी करून घेऊ."

ती वडिलांकडं वळून कानडीत काहीतरी बोलली. फार थोडं बोलली. वडील बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी मोठ्या बाईंना हात जोडले आणि कानडीत खूप काही सांगितलं, अगदी काकुळतीला येऊन. मोठ्या बाई गोंधळल्या. राहू द्या म्हणणाऱ्या माणसापुढं कुणी अशी विनवणी कशाला करेल?

"काय म्हणतायत ते?"

तिचा चेहरा लाल झाला होता. शेवटी ती म्हणाली, "अप्पा म्हणतात... राहू दे."

"झालं तर मग," मोठ्या बाई म्हणाल्या.

वडील गाठोडं रेक्टरबाईंकडं देऊन गेले. जिन्यात ती पायरीवरच बसली.

"तू त्यांना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, बाई म्हणतात, हिला घेऊन जा. इथं जमणार नाही."

"मग ते हात का जोडत होते?"

"म्हणत होते, पोरगी हुशार आहे, सहा महिने द्या, मी पाया पडतो." आणि मग ती रडली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली होती. मी तिच्या शेजारी बसले. त्या दिवसापासून मी तिला हसले नाही. यात माझा मोठेपणा काही नाही, हसू येईनासंच झालं.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या आग्रहावरून मी दोन दिवस तिच्या गावी गेले. तिच्या आईनं मला शेंगांची पोळी वाढली, आम्ही कोण, कुठले हे न विचारता. संध्याकाळी अंगणात तिचे वडील माझ्याजवळ येऊन बसले आणि चक्क मराठीत म्हणाले, "तुझा बा गिरणीत हाय न्हवं? पाळी कुठली असती?"

मी बघतच राहिले. "तुम्हाला मराठी येतं?"

"बोलाय धड येत न्हाय. कळतंय की समदं. कुरुंदवाडच्या बाजारात आयुष्य गेलं माझं."

म्हणजे मोठ्या बाई काय बोलल्या होत्या ते त्यांना तिथंच कळलं होतं. ती आत आईजवळ होती. मी हळूच विचारलं, "मग तुम्ही न कळल्यासारखं का केलं?"

त्यांनी एकदा घराच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "ओढून न्हेली असती, न्हायतर दटावून ठेवली असती. दोन्ही माझ्या हातात हुतं. पर शिकायचं तिला हाय. 'ऱ्हाऊ दे' हे तिच्या तोंडातनंच यायला पायजे हुतं." आणि तिला यातलं काही सांगू नकोस, असं त्यांनी मला बजावलं. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या सहामाहीत तिनं एका वहीला तीन रकाने पाडले: तो, ती, ते. दिसेल तो शब्द त्यात जाऊ लागला. हळूहळू सगळा वर्ग त्यात पडला. 'ढेकर' कुठं घालायचा यावरून मुलींमध्ये दोन दिवस भांडण चाललं. एकदा मराठीच्या बाई ओघात "जायची वेळ झाली" म्हणाल्या आणि लगेच पुढं "तुमच्यामुळं वेळ वाया गेला". ही उभी राहिली. भर वर्गात ती कितीतरी महिन्यांनी बोलत होती.

"बाई, वेळ कुठल्या रकान्यात?"

बाईंनी विचार केला, तिची वही मागितली आणि स्वतःच्या हातानं 'वेळ' दोन्हीकडं लिहिला.

वार्षिक परीक्षेत ती मराठीत आणि मी गणितात काठावर पास झालो. निकालाच्या दिवशी माझे वडील पाळी बदलून आले होते, तिचे वडीलही आले होते. आम्ही फाटकाशी ट्रंकांवर बसलो होतो. दोघांची ती पहिलीच भेट.

"चला पावणं, च्या घिऊ," तिचे वडील मराठीत म्हणाले.

तिनं चमकून आधी त्यांच्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी ट्रंकेची कडी नीट करू लागले. दोघं बोलत बोलत रस्ता ओलांडून गेले आणि चांगला तासभर परत आले नाहीत.