केळीच्या बागांना दिलेला वर्गांक

ग्रंथालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी असते, म्हणून तिथे किस्से घडत नाहीत असा लोकांचा गैरसमज आहे. वर्गांक देणारा माझ्यासारखा असला, की किस्से कपाटात मावत नाहीत!

वर्गांक म्हणजे पुस्तकाचा पत्ता. विषयाचा आकडा घ्यायचा आणि नियमाने उपविभाग जोडत जायचं. इतिहासासाठी शून्य-नऊ, मग देश, मग राज्य. थांबायचं कुठे, तेही नियमात आहे. तेवढं पान माझ्या पचनी पडलेलं नाही.

---

वसईच्या राऊतकाकांनी केळीच्या बागांवर स्वखर्चाने पुस्तिका छापली आणि एक प्रत आमच्या चंदनसारच्या ग्रंथालयाला दिली. “बागा गेल्या. निदान पुस्तक तरी राहू दे.”

मला भरून आलं. त्या भरात मी सगळे उपविभाग जोडले. लेबल मुखपृष्ठावर आडवं पसरलं.

काकांनी चष्मा पुसला. “साहेब, माझं नाव कुठं गेलं?”

“नंबराखाली आहे, काका.”

“म्हनजे आता लेखक तुम्ही!”

---

आमचा एक वाचक कामणच्या गोदामात सुपरवायझर आहे. माझं लेबल वाचून म्हणाला, “सर, आमच्याकडे खोक्यावर एवढा नंबर आला ना, तर ड्रायव्हर माल उतरवतच नाही!”

---

उपविभागाआधी एक शून्य की दोन, यावरून ग्रंथपाल डाबरे मॅडमशी माझं रोज वाजतं. एकदा मी शून्यच विसरलो आणि पाककोश भलत्याच फळीवर जाऊन बसला. मॅडम म्हणाल्या, “सर, पुस्तक ठेवायचं असतं, पुरायचं नसतं!”

---

घरीही मी डबे लावून पाहिले. चहा पेयांत, साखर गोडात, वेलची मसाल्यात. बायकोने तिन्ही फळ्यांवर चढून एक कप चहा केला आणि माझ्यासमोर बसून स्वतःच प्यायली.

---

परवा राऊतकाका गावाकडच्या चार म्हाताऱ्यांना घेऊन आले. “आपलं पुस्तक सरकारी कपाटात हाय,” असं सांगून आणलेले! काकांची इज्जत माझ्या हातात होती. मी रुबाबात वर्गांक चिठ्ठीवर लिहून दिला.

बराच वेळ कोणी परत येईना. मी घाबरून कपाटाकडे गेलो. फळीवर पुस्तक नव्हतं. शेजारच्या फळीवर नाही, खालच्याही नाही.

कपाटासमोर मात्र चौघे फरशीवर मांडी घालून बसले होते आणि काका उभे राहून बोलत होते. कुठली बाग कोणाची, पाणी कुठून यायचं, सुकेळी कोणाच्या अंगणात वाळायची. एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती.

मी पुटपुटलो, “काका, माफ करा, पुस्तक सापडत नाही.”

काका म्हणाले, “राहू दे. वाचून झालं.”